अंगठा एकदाच सुटला

“रडण्याचा तो प्रसंग म्हणजे तिच्या छोट्याशा कारकिर्दीचा कळस होता. परंतु आजोबांच्या हट्टापायी तिला मुंबई सोडून गावी परतावे लागले आणि तिच्यातली अभिनेत्री तिथेच संपली. त्यानंतर तिने आयुष्यात पुन्हा कधीही अभिनय केला नाही.”

संघमित्रा, तुझ्या शोकसभेत वाटलेल्या पत्रकातली ही तीन वाक्ये आहेत. पत्रकाखाली नाट्यमंडळाचे नाव असले तरी मजकूर तुझ्या वडिलांचा आहे. माझा मुलगा मिलिंद वाक्यात कुठे थांबतो आणि कुठे हळहळ मागतो, हे मला ओळखू येते. बोलायला त्याला मीच शिकवले. ही तिन्ही वाक्ये मी खोडून काढणार आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, “आबा, जाऊ द्या ना, कशाला तकलीफ.” तू नाहीस, म्हणून मला अडवणारे कोणी नाही.

सभा कळमनुरीला झाली. पांढऱ्या पडद्यावर टीव्हीवरच्या मालिकेतला तुझा तो प्रसंग लागोपाठ तीनदा दाखवला. आठ वर्षांची तू, अंगणात अनवाणी उभी, एसटीत बसून निघून गेलेल्या आईच्या वाटेकडे पाहून रडते आहेस. ज्यांनी तुला उभ्या जन्मात कधी विचारले नाही, ते रुमाल काढून नाक पुसत होते. माझ्या पुढच्या खुर्चीवरचे गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “रडावं तर असं. काय नॅचरल हाय ओ.” मला शिसारी आली. मी उठलो. मिलिंद जवळ येऊन कानात म्हणाला, “आबा, आज नका. लोक बसलेत.” मी म्हणालो, “लोक बसलेत म्हणूनच.” तो वळला, ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि दोन मिनिटे शांतता पाळायला सांगितले. माझ्या नातीच्या नावाची शांतता माझेच तोंड बांधायला वापरली गेली. दोन मिनिटे मी उभा होतो, सगळेच उभे होते, आणि शांतता संपताच चहा आला.

म्हणून आता लिहितो. कागदावर शांतता पाळायला लावता येत नाही.

तुला मी पाचव्या वर्षी शिकवायला घेतले. आपल्या घरात ते वयच होते. मीही पाचव्या वर्षी उभा राहिलो होतो. माझ्या वडिलांनी गाणी आणि वग घेऊन गावोगाव फिरणारा आपला जलसा काढला, तेव्हा दोन बैलगाड्या एकमेकींना जोडून रंगमंच व्हायचा. समोरच्या माणसाने आपली गोष्ट पाहावी आणि घरी जाताना मान वर करून चालावे, यासाठी तो खटाटोप होता. लोकांना नुसते रडवून घरी पाठवणे वडिलांना पाप वाटे. ते म्हणत, “रडून मोकळा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकतो.”

त्यांच्याच काळातली ती गोष्ट तू माझ्याकडून शंभरदा ऐकली असशील. वगात पाटलाचे काम करणाऱ्या एका गड्याला भूमिका चढली आणि कोतवाल झालेल्या स्वतःच्या सख्ख्या चुलतभावाचा हात त्याने काठीने मोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी त्या दिवसापासून नियम केला: रागाचे, रडण्याचे, मरणाचे काम असेल तेव्हा उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर दाबून धरायचा. अंगठा दाबलेला आहे तोवर तू तूच आहेस आणि चाललेले ते काम आहे. अंगठा सुटला की काम सुटले. डोळे लोकांचे, अंगठा आपला. आपल्या घरात चांगल्या नटाला नुसता “अंगठ्याचा पक्का” म्हणत, त्यावर विशेषण लागत नसे.

तू पंधरा दिवसांत पक्की झालीस. एकदा अंगणात तू असा हंबरडा फोडलास की शेजारच्या कौसाबाई पीठ लागलेल्या हातांनी धावत आल्या. “काहून मारून राहिले लेकराला, मास्तर? शाळेत मारता ते पुरत न्हाई का?” मी उत्तर देण्याआधी तू हुंदका अर्ध्यावर थांबवून खाली बोट दाखवलेस, “काकू, अंगठा बघा ना.” गालावर पाणी तसेच, आणि आवाज कोरडा. कौसाबाई आधी अंगठ्याकडे, मग माझ्याकडे पाहत राहिल्या. “अगं बया, ही तर तुमच्यापेक्षा वंगाळ निघाली.” जाताना मात्र त्यांनी तुझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. त्या दिवसाइतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कामाचाही कधी वाटला नाही. हे तुला मी सांगितले नाही. शिकणाऱ्याला सांगायचे नसते, असे मला वाटे.

मग मिलिंदने तुला मुंबईला नेले. मालिकांत हवालदार आणि वेटर होऊन त्याची सहा वर्षे गेली होती. माझ्या मुलात गुण होता, हे मी आजही नाकारत नाही; पण त्याला घाई होती, आणि घाई झालेल्या बापाला लेकरू शिडीसारखे दिसते. तुझी आई धाकट्याला घेऊन गावीच राहिली. तेव्हा आपला जिल्हा परभणीच होता, हिंगोली वेगळा व्हायचा होता. मालिकेच्या नावांच्या पाटीत तू ‘बेबी मित्रा’ झालीस. संघमित्रा हे नाव पाटीत मावत नाही, असे मिलिंदला सांगण्यात आले. त्याच पाटीत नेपथ्य करणाऱ्याचे चार शब्दांचे नाव मावत होते.

गावाचेही सांगतो. ज्या ओसरीवर आपल्या जलशाला पाय ठेवू दिला नव्हता, त्या ओसरीवर तू सुट्टीत आलीस तेव्हा खुर्ची मांडली गेली, शेजारी उभे राहून फोटो काढले गेले, आणि मलाही चहा आला, कपबशीत. लोक म्हणाले, बदल झाला. मी तो चहा प्यालो नाही. तो बदल तुझ्यासाठी नव्हता, टीव्हीसाठी होता.

आता पहिले वाक्य. कळस.

तो प्रसंग मी कौसाबाईंच्या घरी पाहिला, कारण मोठा टीव्ही त्यांच्याकडे होता. मालिकेत तू गरिबाची मुलगी होतीस आणि गरिबी दाखवायला त्यांनी तुझ्या चपला काढून घेतल्या होत्या. तेवढी एक गोष्ट त्यांनी माझ्या सोयीची केली. पाय दिसत होते. घरातले सगळे तुझ्या डोळ्यांकडे पाहत होते आणि मी, सवयीने, तुझ्या पायाकडे. उजवा अंगठा वर होता. पाचही बोटे आखडून उचललेली, जणू खालची जमीन भाजते आहे. कौसाबाई पदराने डोळे पुसत होत्या. मला राग आला. मला वाटले, मुंबईने पोरगी बिघडवली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तू आलीस. जीपमधून उतरलीस ती धावत माझ्याकडे आलीस आणि दोन्ही हातांनी माझे तोंड चाचपू लागलीस. नाक, कान, दाढीचे खुंट.

“आबा, तुमी हाय ना?”

“न्हाई. भूत हाय,” मी म्हणालो. “हात काढ, लोक बघून राहिले.”

तू हात काढलेस. मी चार माणसांसमोर, बसथांब्यावर, आठ वर्षांच्या लेकराला सुनावले, “त्या रडण्याच्या कामात अंगठा सुटला तुझा. ते रडणं झालं. काम न्हाई झालं.” तू मान हलवलीस. बराबर आहे, अशी.

मी बरोबर होतो. अंगठा सुटला होता आणि ते काम नव्हते. पण घराबाहेरच्या माणसाने जी चूक केली नसती ती मी केली. कोणताही साधा माणूस म्हणाला असता, लेकरू एवढे काहून रडले? मी मास्तर, मी जलशाचा वारसदार. मी विचारले नाही, मी फक्त गुण दिले. एवढ्यावर मी थांबलोही नाही. पुढे दहा वर्षे, जिथे जिथे मुलांना शिकवायला बसलो तिथे तुझे उदाहरण दिले. “टीव्हीवर आमच्या संघमित्राचा अंगठा सुटला होता, तसं करायचं न्हाई.” मोठी झाल्यावर तू माझ्यासोबत येऊ लागलीस, मुलांना रांगेत बसवायचीस, आणि हे वाक्य आले की भिंतीला टेकून हसायचीस. मला वाटे, आपली चूक कबूल करून हसते आहे. गुणी आहे.

सेनगावकडच्या एका तांड्यावरच्या शाळेत ते फुटले. तू अठराची होतीस, नुकतीच शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला लागली होतीस. माझे वाक्य नेहमीप्रमाणे झाले आणि मी पाणी प्यायला बाहेर आलो. आत चौथीतल्या एका पोरीने तुला सरळ विचारले, “ताई, तुमचा अंगठा काहून सुटला?”

तू तितक्याच सरळ सांगितलेस, “शूटिंगवाल्यांना पाहिजे तसं रडू येत नव्हतं मला. मग पप्पांनी सांगितलं, गावाहून फोन आला, आबा मेले.”

“खरंच मेले?”

“अगं, बाहेर पाणी पिऊन राहिले ते कोण?”

पोरे हसली. तूही हसलीस.

पुढचे मी खिडकीबाहेर उभा राहून ऐकले. आयुष्यभर पडद्यामागे उभा राहिलेला मी, त्या दिवशी चोरासारखा उभा होतो. तू सांगितलेस की काही महिन्यांनी त्यांना पुन्हा तसेच रडणे हवे झाले. या वेळी पप्पा म्हणाले, आई गेली. “मग, ताई?” मग तू म्हणालीस, “मी पप्पांच्या पायाकडे पाहिलं. चपलेत अंगठा दाबलेला होता.”

तर मिलिंद अजून अंगठ्याचा पक्का होता.

तुला कळले की हे काम आहे, आणि मग तूही आपला अंगठा जमिनीला लावलास आणि काम केलेस. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, डोळ्यांत पाणी, आवाजात कंप, सगळे. दिग्दर्शकाने पुन्हा पुन्हा पाहिले आणि म्हटले, “पहिल्यासारखं नाही. हे ॲक्टिंग वाटतंय.” तीन आठवड्यांनी तुझ्या जागी दुसरी मुलगी आली. मालिकेत तुला मामाच्या गावी पाठवले आणि ती मोठी होऊन परतली, असे दाखवले.

हे वाक्य मी मनात किती वेळा उलटून पाहिले असेल. हे ॲक्टिंग वाटतंय. नटीला नट म्हणून काढून टाकले. गिऱ्हाइकाने सोनाराला दागिना यासाठी परत करावा की तो घडवलेला दिसतो. त्यांना काम नकोच होते. त्यांना एका लेकराचे खरे दुःख हवे होते, ते त्यांनी एकदा काढून घेतले, आणि दुसऱ्यांदा निघेना तेव्हा लेकरू टाकून दिले. आणि त्या काढून घेतलेल्या दुःखाला आता सभागृहात पडद्यावर दाखवून कळस म्हणतात. पाटलाच्या काठीने हात मोडला तेव्हाही लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्या वडिलांना त्या टाळ्यांची किळस आली होती. मला का येऊ नये?

त्याच आठवड्यात मी मिलिंदला घरी बोलावले. तुला हे ठाऊक नाही.

“माझं मरण विकलंस तू?”

“विकलं न्हाई, आबा. एका शॉटपुरतं सांगितलं. अर्ध्या तासात खरं काय ते बी सांगितलं तिला. अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं तिला.”

“मग पहिल्या वेळी आईचं काहून न्हाई सांगितलं?”

तो, मी त्याचा बाप आहे हे विसरून, एका धंदेवाल्याने दुसऱ्याला सांगावे तसे म्हणाला, “आईचं सांगितलं असतं तर लेकरू कोसळलं असतं. दिवसभराचं काम गेलं असतं. तुमचं बराबर बसलं.”

माझे मरण बेताचे होते. रडण्यापुरते पुरेसे, काम थांबण्याइतके मोठे नाही. मी त्याला घराबाहेर काढले नाही. काढायला हवे होते की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तो तुझा बाप आहे, आणि तू त्याला शेवटपर्यंत पप्पाच म्हणालीस, त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलेस. शोकसभेत तो खरा रडत होता. हे मी सांगतो, कारण खोटे खोडणाऱ्याने खरे लपवू नये. मी त्याच्या पायाकडेही पाहिले होते.

आता दुसरे वाक्य. आजोबांचा हट्ट.

तुम्ही दोघे सामान घेऊन परत आलात तेव्हा लोकांनी विचारले आणि मिलिंदने सांगितले, “आबांनी बोलावून घेतलं.” मी ओट्यावर होतो. लोकांनी माझ्याकडे पाहिले. आणि मी म्हणालो, “व्हय. मीच बोलावलं.” तुला काढून टाकले, हे तेव्हा मिलिंदने मला एकट्याला सांगितले होते; का काढले, हे नाही. आपल्या घरच्या पोरीला कोणी काढले, हे गावाच्या तोंडी येण्यापेक्षा म्हातारा हेकट आहे, हे आलेले बरे, असा माझा हिशेब होता. त्याला मी तुझी अब्रू म्हणत होतो. खरे पाहता ती माझी होती. तेव्हा मिलिंद आज जे खोटे छापतो, त्याला माझी साक्ष आहे; ती मी इथे मागे घेतो. मी तुला बोलावले नाही, संघमित्रा. त्यांनी तुला काढले, आणि तू चांगले काम केलेस म्हणून काढले.

तुझ्याशी मात्र मी काही बोललो नाही. तांड्यावरच्या त्या दिवसानंतर मी तुझे उदाहरण देणे बंद केले, एवढेच. तू ते हेरलेस. जवळा बाजारहून परत येताना, एसटीची वाट पाहत आपण कापसाच्या गाठींवर बसलो होतो, तेव्हा म्हणालीस, “आबा, माझ्या अंगठ्याचा किस्सा आताशा सांगत न्हाईत तुमी.”

“पोरांना कंटाळा आला असेल.”

“पोरांना व्हय?”

मी एसटी आली का ते पाहायला उठलो. एसटी यायला अजून अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात ‘मी चुकलो’ हे दोन शब्द सहज मावले असते. मी भाषणे दिली आहेत, सभा जिंकल्या आहेत, फौजदाराला कायदा ऐकवला आहे. हे दोन शब्द मला उच्चारता आले नाहीत. बसथांब्यावर तू माझे तोंड चाचपत होतीस तेव्हा मी म्हणायला हवे होते, “हाय गं बाई, जिवंत हाय, नीट बघून घे.” आता म्हणतो. आता चाचपणारे हात नाहीत.

राहिले तिसरे वाक्य. त्यानंतर तिने पुन्हा कधीही अभिनय केला नाही.

हे वाक्य खोडणे मला सर्वांत जड गेले असते, कारण नांदेडच्या दवाखान्यात जाईपर्यंत मीही ते खरेच मानत होतो. परत आल्यावर तू शेकडो मुले उभी केलीस, त्यांची वाक्ये बसवलीस, पाय तपासलेस. स्वतः मात्र एकदाही उभी राहिली नाहीस. जयंतीच्या कार्यक्रमात मी तीन वेळा विनवले. मी विनवत नाही कोणाला, तुला माहीत आहे. “एकदा उभी राहा. शेवटचा जलसा समज.” तू म्हणायचीस, “शिकवते की, आबा. तेवढं पुरे झालं.” मग मीही मनाशी धरले होते की त्या माणसांनी तुझ्यातले ते कायमचे मारले, आणि उरलेले बसथांब्यावर मी.

तापाचा अकरावा दिवस होता. डॉक्टर मिलिंदशी काय बोलले ते मला कोणी सांगितले नव्हते. म्हाताऱ्याला झेपणार नाही, असे ठरले होते. मी आत आलो तर तू उशीला टेकून बसलेली, केस विंचरलेले, अंगावर धुतलेला शर्ट.

“या. चहा पिऊन आलात का तसेच आलात?”

“प्यालो. तू कशी हाय?”

“मला काय धाड भरली? सोमवारी सोडून राहिले. तुमी पुढच्या आठवड्याचा कार्यक्रम मोडू नका हं, नाहीतर पोरं मलाच बोलतील.” मग तू कौसाबाईंची नक्कल केलीस, पीठ लागलेल्या हातांसकट. शेजारच्या खाटेवरची बाई हसू लागली. माझ्यासमोर तू एक अख्खे केळे खाल्लेस आणि दुसरे मागितलेस. आवाजात थकवा नव्हता, डोळ्यांत भीती नव्हती. मी साठ वर्षे नट पाहिले आहेत, कोण खरे बोलतो हे मी पहिल्या वाक्यात ओळखतो, आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला. मी बाहेर व्हरांड्यात येऊन तुझ्या आईला सांगितलेही, की पोरगी सुधारली, रडू नको, सोमवारी घरी नेऊ.

निरोप घ्यायला पुन्हा आत आलो तेव्हा तुझ्या पायांवरची चादर सरकली होती. ती नीट करायला मी वाकलो.

उजव्या पायाचा अंगठा खाटेच्या लोखंडी दांड्याला टेकलेला होता, इतका दाबून की नख पांढरे पडले होते.